परक्या घरीं गाऱ्हाणें सांगण्याची विद्या

एखादी परभाषा आपणांस आली कीं नाहीं, हें कशावरून ओळखावें? पुष्कळांस वाटतें कीं, त्या भाषेंतील वर्तमानपत्र वाचतां आलें आणि शिष्टाचाराचीं चार वाक्यें बोलतां आलीं म्हणजे झालें. ज्यांनीं परदेशीं संसार केला आहे त्यांचा अनुभव मात्र निराळा आहे. भाषेची खरी परीक्षा होते ती गाऱ्हाणें सांगतांना. नळ गळूं लागला, विजेचें बिल चुकीचें आलें, घरचें इंटरनेट बंद पडलें, अशा वेळीं ऐकणारा मनुष्य आपल्या चुका सांवरून घेण्यास बसलेला नसतो, आणि बोलणाऱ्याचें चित्तही ठिकाणावर नसतें. पाठ्यपुस्तकांतील 'हा माझा भाऊ, ती माझी बहीण' या वाक्यांचा तेथें कांहीं उपयोग होत नाहीं.

सातारा, सांगली, मिरज येथील सुशिक्षित घरांतून मुलें बाहेर पडण्याची चाल जुनीच आहे. आधीं पुणें-मुंबई, मग इंग्लंड-अमेरिका, त्यानंतर जर्मनी. आणि आतां लिस्बन, पोर्तो, साओ पाउलो हीं नांवेंही अधूनमधून कानीं पडतात. घरीं राहिलेल्या वडील माणसांचा आणि तिकडे गेलेल्या मुलांचा रोजचा जो काय सहवास उरतो, तो बहुतेक इंटरनेटच्या तारेवर. लिस्बनचें घड्याळ उन्हाळ्यांत आपल्या मागें साडेचार तास व हिंवाळ्यांत साडेपांच तास असतें. साओ पाउलोचें तूर्त बाराही महिने साडेआठ तास. त्यामुळें बोलण्याची वेळ ठरवून ठेवावी लागते. इकडे देवाजवळ दिवा लागलेला असतो, तेव्हां लिस्बनमध्यें दुपारचें जेवण आटोपत असतें आणि साओ पाउलोंत सकाळचें काम नुकतें सुरू झालेलें असतें. त्या ठरल्या वेळीं नातवाचें तोंड दिसलें नाहीं तर आजीच्या मनांत काय काय येतें, तें येथें सांगावयास नको.

मोठीं संकटें सर्वांस कळतात. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचा महापूर सांगलींत शिरला, तेव्हां इकडच्या काळजीनें परदेशांतील मुलें फोनला चिकटून बसलीं. उलट २८ एप्रिल २०२५ रोजीं स्पेन व पोर्तुगाल या दोन्ही देशांतील वीज एकाएकीं गेली, अनेक ठिकाणीं फोन व इंटरनेटही बंद पडलें, आणि त्या सायंकाळीं काळजीची पाळी इकडच्या माणसांवर आली. परंतु रोजच्या संसारांत अडचण येते ती याहून फार लहान असते. राउटरवर तांबडा दिवा लागतो आणि घर मुकें होतें. अशा वेळीं कंपनीस फोन करावयाचा कोणीं? नवरा कामावर गेलेला असतो. घरीं असते ती सातारची वा सांगलीची सून. बहुधा तीही घरीं बसूनच आपली नोकरी करीत असते, म्हणजे तार तुटली कीं तिचें कामही तुटलें. फोनवरचा आवाज पोर्तुगीज. नवऱ्याच्या एखाद्या सहकाऱ्यास विनवावें, तर तें एकदां शोभतें, दोनदां शोभतें. तिसऱ्यांदा आपण मिंधे झाल्यासारखें वाटतें. प्रश्न इंटरनेटचा दिसतो खरा, पण आंतून तो स्वावलंबनाचा आहे.

यावर दोन उत्तरें नेहमीं देण्यांत येतात. पहिलें असें कीं, इंग्रजीवर भागेल. पोर्तुगालांतील तरुण पिढीस इंग्रजी पुष्कळ येतें, हें खरें आहे. परंतु तार जोडण्यास येणारा कारागीर, इमारतीची देखरेख करणारी बाई, शेजारची म्हातारी यांच्याशीं तें चालेलच असें नाहीं. आणि ब्राझीलमध्यें तर इंग्रजीवर विसंबून राहणें धोक्याचेंच. दुसरें उत्तर असें कीं, भाषांतर करणारें साधन मोबाईलमध्यें असतेंच. असतें; पण पुष्कळदां तेंही इंटरनेटवरच चालतें! विहिरींत पडलेला दोर वर काढण्यासाठीं त्याच दोरावर भरंवसा ठेवावा, तशांतलाच हा प्रकार. तेव्हां दहा-पंधरा वाक्यें स्वतःच्या जिभेवर असणें, हाच खरा उपाय होय.

ही भाषा आम्हांस किती परकी?

पोर्तुगीज म्हटली कीं आपणांस ती फार दूरची वाटते. वस्तुतः ती आपल्या स्वयंपाकघरांत व माजघरांत चारशें वर्षें वावरत आहे. बटाटा, काजू, अननस, पाव, बादली, चावी, पगार, लिलाव, मिस्त्री, नाताळ हे सारे शब्द आपण तिच्याकडूनच घेतले. गोव्यांतील आसगांवीं १८५५ मध्यें जन्मलेले मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनीं आशियांतील भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवर मोठा ग्रंथ लिहून १९१३ मध्यें प्रसिद्ध केला. अँथनी झेवियर सोआरिश यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९३६ मध्यें बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत निघालें. ज्यांना शब्दांच्या कुळकथांची आवड आहे त्यांनीं तो अवश्य चाळावा.

यांतील 'चावी' या शब्दाची गंमत पाहा. आजचे पोर्तुगीज लोक चावीला 'शाव' म्हणतात. परंतु ते जेव्हां प्रथम आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हां या शब्दाच्या आरंभीं 'च' उच्चारला जाई. आपण तो त्या काळीं उसना घेतला आणि जसाच्या तसा जपून ठेवला. धन्यानें आपला उच्चार बदलला, ऋणकोनें मात्र जुनाच राखला. आणि योगायोग असा कीं, राउटरला जोडून घेण्याकरितां जो गुप्त शब्द लागतो त्यालाही त्यांच्याकडे 'जाळ्याची चावी', म्हणजे 'शाव द रॅद' म्हणण्याचा प्रघात आहे. म्हणजे ज्या शब्दानें आपण तिजोरी उघडतों त्याच शब्दानें तिकडे घरचें इंटरनेट उघडतें.

'पगार' हाही तसाच. पोर्तुगीजमध्यें 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणें. 'जा पगेइ अ फतूर' म्हणजे 'मीं बिल कधींच भरलें आहे.' पगाराच्या दिवशीं ज्यास पैसे मिळतात त्यास हें क्रियापद विसरण्याचें कारण नाहीं.

महाराष्ट्राच्या भूमींत तर पोर्तुगीजची एक लेक अद्याप नांदते आहे. रायगड जिल्ह्यांत रेवदंड्याजवळ कोर्लई नांवाचें गांव आहे. चौलचा हा मुलूख १७४० मध्यें पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. पण गांवांतील ख्रिस्ती कुटुंबांनीं आपली पोर्तुगीज-मिश्रित बोली टाकली नाहीं. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. तींतील बहुतेक शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी पुष्कळशी मराठी. क्रियापद आपल्याप्रमाणें शेवटीं येतें. दोन भाषा एका चुलीवर शिजल्या म्हणजे काय होतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

उलट बाजूचीही आठवण ठेवावी. रोम येथें १७७८ मध्यें पोर्तुगीज भाषेंत मराठीचें एक व्याकरण छापलें गेलें. निजामशाही व आदिलशाही या राज्यांत चालणारी मराठी शिकविण्यासाठीं तें लिहिल्याचें त्याच्या नांवांतच म्हटलें आहे, आणि आपला सातारा-मिरजेकडील प्रदेश एके काळीं आदिलशाहींतच मोडत असे. म्हणजे आपली बोली शिकण्याची खटपट त्यांच्या पाद्र्यांनीं केली होती. त्यांची बोली शिकण्याची पाळी आतां आपल्या मुलांवर आली आहे, इतकेंच. सातारा ही छत्रपति शाहूमहाराजांची राजधानी होती. त्यांच्या कारकीर्दींत, १७३९ मध्यें, वसई मराठ्यांनीं घेतली. त्या काळीं मराठ्यांशीं बोलणीं करण्याकरितां गोव्याचें सरकार जे दुभाषी ठेवी, त्यांत सारस्वत ब्राह्मण असत. त्यांना 'लिंग्वा', म्हणजे अक्षरशः 'जीभ', असें म्हणत. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं पोर्तुगीजांच्या अशा हिंदी हस्तकांची माहिती १९५२ मध्यें ग्रंथरूपानें दिली आहे. परदेशांतील घरालाही अशी एक जीभ असावी लागते. ती कोणाची असावी, हें घरांतील माणसांनीं ठरवावें. दोघांचीही असल्यास उत्तम.

पहिलीं वाक्यें

पुढें दिलेले उच्चार लिस्बनकडील वळणाचे असून ते अदमासानें देवनागरींत उतरले आहेत. 'त' आणि 'द' हे आपल्याप्रमाणें दंत्यच उच्चारावे. इंग्रजीची संवय झालेल्या जिभेनें 'ट' 'ड' करूं नये. नाकांतील स्वर या भाषेंत फार आहेत. आपल्या जुन्या लेखनांत 'नाहीं', 'केलें' यांवर जो अनुस्वार देतात त्याचा उच्चार देशावर लोपला, पण कोंकणांतील अनेकांच्या तोंडीं तो अजून ऐकूं येतो. तोच नाद येथें हवा. 'पाव' याचें मूळ 'पाउं' आणि 'नाहीं' याचें पोर्तुगीज 'नाउं', हे दोन शब्द एकमेकांशीं यमक जुळवितात, हें ध्यानांत ठेवलें कीं दोन्ही साधतात.

'श्तो साइं इंतेर्नेत्' : माझ्याकडे इंटरनेट नाहीं. अक्षरशः 'मी इंटरनेटावांचून आहें.' हें सर्वांत सोपें व सर्वांत उपयोगी वाक्य.

'अ इंतेर्नेत् कइऊ' : इंटरनेट गेलें. आपल्याकडे तें 'जातें', त्यांच्याकडे तें 'पडतें'. फोनवरील बोलणें मध्येंच तुटलें तरी तें 'पडलें' असेंच म्हणतात.

'अ इंतेर्नेत् श्ता मुइंतु लेंत' : इंटरनेट फार मंद चाललें आहे. 'मुइंतु' म्हणजे 'फार'. यांतील अनुनासिक त्यांच्या लेखनांत दिसत नाहीं, पण तोंडांत असतें.

'अ लूश् वेर्मेल्य श्ता असेझ' : तांबडा दिवा लागलेला आहे. 'लूश्' म्हणजे प्रकाश, आणि वीजही. आपण जसें 'लाईट गेली' म्हणतों, तसेंच तेही वीज गेली असतां 'लूश्' गेल्याचें सांगतात. कंपनीचा मनुष्य प्रथम हेंच विचारतो कीं, घरांत वीज आहे ना आणि दिवा कोणत्या रंगाचा आहे. तेव्हां रंगांचीं नांवें पाठ असूं द्यावीं : 'वेर्द' हिरवा, 'वेर्मेल्यु' तांबडा, 'अझूल्' निळा.

'जा देज्लिगेइ इ वोल्तेइ अ लिगार ऊ राउटर' : मीं राउटर बंद करून पुन्हां लावला आहे. हें वाक्य लांब आहे, पण यानें पुष्कळ वेळ वांचतो. कारण फोन घेणारा पहिला उपाय हाच सांगतो. 'लिगार' हें क्रियापद आपल्या 'लावणें' या क्रियापदाचें भावंड समजावें. आपण दिवा लावतों, फोनही लावतों. तेही दोहोंसाठीं 'लिगार'च म्हणतात.

'क्वांदु वाइं ऊ तेक्निकु?' : दुरुस्तीचा माणूस केव्हां येणार?

'पॉद फलार माइश् दवगार, स फाश् फवोर?' : कृपा करून जरा सावकाश बोलाल का? परभाषेंत हें म्हणण्याची लाज वाटतां कामा नये. न कळतां 'सिं, सिं', म्हणजे 'होय, होय', म्हणत राहण्यांत खरा धोका आहे. कारण त्या एका 'होय'मध्यें नवी योजना, वाढीव पैसे, आणखी मुदतीचा करार असें कांहींही गळ्यांत पडूं शकतें. पोर्तुगालांत असे करार ग्राहकास चोवीस महिन्यांपर्यंत बांधून ठेवूं शकतात. कळलें नसेल तर 'नाउं पेर्सबी', 'मला समजलें नाहीं', असें स्वच्छ सांगावें.

शेवटीं आभार. पुरुषानें 'ओब्रिगादु' व स्त्रीनें 'ओब्रिगाद' म्हणावें. बोलणारा कोण यावर रूप बदलतें, याचें इंग्रजी बोलणाऱ्यास नवल वाटतें. 'मी येतों' आणि 'मी येतें' म्हणणाऱ्या मराठी माणसास वाटूं नये.

वार आणि आंकडे

भाषा येऊनही घोटाळा होतो तो वारांमध्यें. पोर्तुगीजांनीं सोमवार ते शुक्रवार या वारांचीं ग्रहांवरून आलेलीं नांवें टाकून नुसते क्रमांक ठेवले आहेत, आणि त्यांची गणना रविवारापासून होते. म्हणून सोमवार हा दुसरा, 'सेगुंद', मंगळवार तिसरा, 'तेर्स', बुधवार 'क्वार्त', गुरुवार 'किंत', शुक्रवार 'सेश्त'. शनिवार 'साबदु' व रविवार 'दुमिंगु' हे तेवढे नांवानें ओळखले जातात. 'किंत' म्हणजे पांचवा असें ऐकून जो सोमवारापासून बोटें मोजील तो शुक्रवारीं वाट पाहील. कारागीर मात्र गुरुवारीं येऊन, दार बंद पाहून परत गेलेला असेल आणि पुन्हां आठ दिवसांची खोटी.

आंकडे त्या मानानें सोपे. 'सेत', 'ओइतु', 'नॉव' हे सप्त, अष्ट, नव यांचे दूरचे चुलत भाऊ आहेत, हें कानालाच कळतें. ब्राझीलमध्यें एक खुबी लक्षांत ठेवावी. फोनचा क्रमांक सांगतांना तेथें सहाला 'सेइस' न म्हणतां 'मेया', म्हणजे 'अर्धा', म्हणतात. अर्धें डझन म्हणजे सहा. हें ठाऊक नसेल तर क्रमांकांतील एक आंकडा गळालाच म्हणून समजावें.

लिस्बन निराळें, साओ पाउलो निराळें

कोल्हापूरची मराठी व नागपूरची मराठी यांत जें अंतर आहे, त्याहून या दोन देशांच्या बोलींतील अंतर अधिक आहे. लिस्बनकर स्वर गिळतात. ब्राझीलमधील लोक ते मोकळे सोडतात, म्हणून नवशिक्यास ब्राझीलची बोली आधीं कळते. पण ब्राझीलच्या बहुतेक भागांत 'ति'चा 'चि' व 'दि'चा 'जि' होतो; लिस्बनचें 'बों दीअ' हें अभिवादन तेथें 'बों जीअ' होतें. शब्दाच्या आरंभींचा 'र' तेथें बहुधा 'ह'सारखा ऐकूं येतो, त्यामुळें राउटरला जो त्यांचा 'रोतेआदोर' शब्द आहे तो कानीं 'होतेआदोर' असा पडतो. पासवर्डला पोर्तुगालांत 'पलाव्र-पास', ब्राझीलमध्यें 'सेन्य'. मोबाईलला पोर्तुगालांत 'तेलेमॉवेल', ब्राझीलमध्यें 'सेलुलार'. ज्या देशीं जावयाचें त्या देशाची बोली आरंभापासून धरावी, हें बरें.

दाद मागण्याच्या वाटाही निराळ्या आहेत. ब्राझीलमध्यें दूरध्वनी, इंटरनेट आदि सेवांच्या कंपन्यांनीं ग्राहकाच्या तक्रारीस क्रमांक दिलाच पाहिजे, असा नियम २००८ पासून आहे. त्या क्रमांकास 'प्रोतोकोलु' म्हणतात. तो मागून लिहून घेतल्यावांचून फोन ठेवूं नये. पोर्तुगालांत ग्राहकांशीं व्यवहार करणाऱ्या दुकानांस 'लीव्रु द रक्लमसोंइश्', म्हणजे तक्रारींची वही, ठेवावी लागते, आणि २०१७ पासून ही वही इंटरनेटवरही उपलब्ध झाली आहे. दाद लागेना, तर 'क्रीअ ऊ लीव्रु द रक्लमसोंइश्', 'मला तक्रारींची वही हवी होती', एवढेंच शांतपणें म्हणावें. आवाज चढविण्यापेक्षां या वाक्याचें वजन अधिक आहे.

मान राखून बोलावें

आपणांस 'तूं', 'तुम्ही', 'आपण' यांतील फरक शिकवावा लागत नाहीं, आणि येथेंच मराठी माणसास इंग्रजापेक्षां सोपें जातें. पोर्तुगालांत 'तु' म्हणजे आपलें 'तूं'. तो घरच्यांसाठीं व मित्रांसाठीं. अनोळखी पुरुषास 'ऊ सेन्योर' व स्त्रीस 'अ सेन्योर' असें तृतीय पुरुषानें संबोधावें. आपण जसें 'आपण बसावें' म्हणतों तशांतलाच हा रिवाज. ब्राझीलमध्यें 'वोसे' हें संबोधन सर्रास चालतें. पोर्तुगालांत मात्र तें कित्येकांस रोखठोक वाटतें. दुरुस्तीस आलेल्या कारागिरास 'ऊ सेन्योर' म्हणावें. गाऱ्हाणें कितीही खरें असलें तरी तें गोड जिभेनें सांगितल्यास काम लौकर होतें, हें काय लिस्बनमध्यें आणि काय सांगलीच्या गणपति पेठेंत, सारखेंच.

अभ्यास कसा करावा

जाण्यापूर्वीं दोन महिने हातीं असतील तर एवढें सहज साधतें. गोवा विद्यापीठांत पोर्तुगीजच्या अध्यापनाची सोय आहे व पणजीस ही भाषा शिकविणाऱ्या संस्थाही आहेत. सातारा-सांगलीहून तेथें जाऊन राहणें प्रत्येकास शक्य नाहीं, पण इंटरनेटवरून शिकविणारे शिक्षक आतां घरबसल्या मिळतात. शिक्षकास पहिल्याच दिवशीं सांगावें कीं, 'मला गाऱ्हाणें करण्यास शिकवा.' मग घरांतील एकानें कंपनीचा माणूस व्हावें आणि दुसऱ्यानें ग्राहक. सासूबाईंनीं हातांत कागद धरून 'दिवा कोणत्या रंगाचा आहे?' असें पोर्तुगीजमध्यें विचारावें आणि सुनेनें उत्तर द्यावें. पहिल्या दिवशीं हंसूं आवरत नाहीं. आठव्या दिवशीं उत्तर आपोआप येतें. फोनवर चेहरा व हातवारे दिसत नाहींत, म्हणून हा सराव पाठीला पाठ लावून करावा.

तिकडे पोंचल्यावर एका जाड कागदावर ग्राहक-क्रमांक, कंपनीचा दूरध्वनी, घरचा पत्ता आणि वरील वाक्यें देवनागरींत लिहून तो राउटरशेजारीं भिंतीस लावावा. मोबाईलमध्यें साठविलेली टांचणें ऐन वेळीं सांपडत नाहींत. भिंतीवरचा कागद वीज गेली तरी वाचतां येतो. आणि फोन झाल्यावर दिवस, वेळ व तक्रारीचा क्रमांक त्याच कागदाखालीं टिपून ठेवावा.

एवढ्यानें कोणी पोर्तुगीजचा पंडित होणार नाहीं, आणि व्हावें असेंही नाहीं. पण ज्या बाईनें परक्या भाषेंत एकटीनें फोन करून, आपलें म्हणणें समजावून, कारागिराचा वार व वेळ ठरवून घेतली, तिला ती भाषा परकी वाटेनाशी होते आणि तो देशही. दुसऱ्या दिवशीं ती बाजारांत भाव विचारते, चार दिवसांनीं शेजारच्या म्हातारीशीं दोन शब्द बोलते, आणि पुढें मुलाच्या शाळेंत जाऊन बाईंशीं बोलण्यासही कचरत नाहीं. परमुलखांत घर भाड्यानें मिळतें, सामानसुमान विकत मिळतें; पण 'येथें माझें अडलें तर मी सांगूं शकेन' हा जो धीर, तो मात्र स्वतःच्याच जिभेनें मिळवावा लागतो.